चाटून खाल्लेली भिंत

दगडीबाईची तांबडी गाय ताईबाईच्या नव्या भिंतीला चाटत होती. नुसतं तोंड लावत नव्हती, वासराला चाटावं तशी चाटत होती. डोळे अर्धे मिटून, खालून वर, खालून वर. चुडामण नाना बिडी ओढत गल्लीतून चालला होता तो तिथंच थबकला, आणि आत घेतलेला धूर बाहेर सोडायचा राहून गेला.

"हॅट," म्हणून त्यानं गाईला हाकललं. गाय दोन पावलं सरकली, नाक पुसल्यासारखं केलं आणि परत आली. नानानं भिंतीवरून बोट फिरवलं, ते जिभेला लावलं, आणि मग आजूबाजूला कुणी बघत नाही असं पाहून तो खालीच बसला.

भिंत खारट होती. ती खारट का, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण त्यात काडीचंही शहाणपण नव्हतं, हे एकट्या नानालाच ठाऊक होतं.

नाना मातीच्या भिंती घालणारा. धरणगावापासून दोन कोसांवरच्या त्या गावातल्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या होत्या आणि निम्म्या गप्पा त्याच्या तोंडच्या. भिंती ओळंब्यात असत, गप्पांचं तसं बंधन नव्हतं. त्याच्या आज्यानं म्हणे गिरणेचा पूर एका हातानं थोपवून धरला होता, कारण दुसऱ्या हातात चिलीम होती. त्याच्या बापाचा बैल एरंडोलच्या बाजाराला एकटा जायचा आणि सांगितलेली भाजी पारखून आणायचा. एकदा वांगी किडकी निघाली तर लाजून दोन दिवस त्यानं वैरण खाल्ली नाही. लोक ऐकत, मांडीवर थाप मारून हसत, आणि उठताना धोतराची धूळ झटकावी तशा त्या गप्पा झटकून घरी जात. इतक्या वर्षांत कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

बिघडलं ते माघात, रतिलाल वाण्याच्या ओट्यावर.

ताईबाई तेल न्यायला आली होती. नवरा जाऊन तिला दहा वर्षं झाली होती. धरणगावच्या जीनमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, ती कापूस वेचायला जायची आणि दिराच्या घरात, मागच्या पडवीत, कडब्याच्या भाऱ्याशेजारी झोपायची. तिची एकुलती एक शेवंता शिरपूरकडे दिलेली. आपल्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येणार नाही असं होत नाही. निंबाला झोका बांधायचा, गौराईची गाणी म्हणायची, आणि वर्षभर सासरी राहिलेली झोप आईच्या घरी उन्हं डोक्यावर येईपर्यंत झोपून भरून काढायची. शेवंता लग्नानंतर पहिल्या आखाजीला आली. काकूनं तिला पहाटे जात्यावर बसवलं, दुसऱ्या दिवशी उखळाशी, आणि तिसऱ्या दिवशी पोरीनं गाठोडं बांधलं. जाताना एवढंच म्हणाली, "माय, तुनं घर व्हई तव्हय येसू." तुझं घर होईल तेव्हा येईन. त्याला तीन आखाज्या होऊन गेल्या होत्या.

म्हणून ताईबाई घर बांधायला निघाली होती. दिरानं उकिरड्याजवळचा तुकडा दिला. बारा हात लांब, आठ हात रुंद. पायाचे दगड तिनं नाल्यातून डोक्यावर आणले. धाब्यासाठी, म्हणजे वरच्या मातीच्या छतासाठी, निंबाचे सर, कापसाच्या पळाट्यांचे भारे, सगळं हळूहळू जमवलं. धरणगावच्या जुन्या बाजारात एक सागवानी दार बघून ठेवलं होतं, त्याचे पैसे लुगड्याच्या गाठीत होते. मजुरी द्यायला मात्र काही नव्हतं, तेव्हा भिंती स्वतःच घालायच्या ठरवल्या होत्या. आणि तिला एकच धास्ती होती, वाळवीची.

"नाना," तिनं विचारलं, "उदईले काय करानं? दिरना घरनं लाकूड तिनी बठ्ठं खाई टाकं."

ओट्यावर सातआठ माणसं होती. विचारणारी भोळी आणि ऐकणारे तयार, असा योग आला की नानाच्या जिभेला आवरणं नानाच्याही हातात नसे. त्यानं बिडी विझवली. म्हणाला, आमच्या आज्यानं चोपड्याला एक धान्याचं कोठार बांधलं होतं, सगळ्या भिंतींत मीठ कालवून. सातपुड्यातून उदईची फौज उतरली. पहिला घास घेतला आणि अशी तहान लागली, अशी तहान लागली, की सगळी उदई उलटी फिरून तापीवर गेली आणि पाणी पीत बसली. दुपारपर्यंत तापी हातभर उतरली. नाव गाळात रुतली. नावाडी आज्याकडे भांडायला आला.

सगळे हसले. रतिलालनं तर तराजू खाली ठेवला. ताईबाई हसली नाही.

"मीठ किती लागस, नाना?" तिनं विचारलं.

आता इथं नानानं म्हणायला हवं होतं की वेडे, ही गंमत आहे. तोंड उघडलंही होतं. पण सातआठ माणसं त्याच्याकडे बघत होती, हसू अजून हवेत होतं, आणि तो म्हणाला, "आठ घमेलाले एक घमेलं."

नुसती थाप मारली तर ऐकणारा ती थाप म्हणून घेतो. मापासकट मारली की ती सल्ला होते. आणि सल्ला देणारा गावातला एकुलता एक भिंतवाला. शिवाय ऐकायला ते खोटंही वाटत नव्हतं. धाब्यावर आपण खारी मातीच पसरतो, तीच पाणी अडवते. मग भिंतीत मीठ घातलं तर काय वाईट, असं कुणालाही वाटावं. फक्त भिंतवाल्याला वाटू नये. खारी माती डोक्यावर, भिंतीत कधी नाही, हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा. भिंतीत मीठ गेलं की लोणा फुटतो, पांढरी भुकटी वर येते, आणि माती आतून सुटते. लहानपणी हा धडा चुकला म्हणून बापानं नानाच्या पाठीत थापी घातली होती.

पंधरा दिवसांनी रतिलाल म्हणाला, "नाना, ताईबाईनं दोन गोण्या मीठ नेलं. साऱ्या गावाचं लोणचं घालते की काय?"

नाना हसला. तो त्याच पावली तिच्याकडे निघालाही, पण वाटेत कुणीतरी हाक मारली, तिथं बसला, एक गोष्ट सांगितली, आणि अंधार पडला. मग त्यानं मनाची समजूत घातली की मीठ तिनं जीनवाल्यांना विकायला नेलं असेल. त्यानंतर तो महिनाभर वराडसीमच्या कामाला गेला. परत आला तो चैत्र निम्मा होत आला तेव्हा. चार भिंती उभ्या होत्या, दगडीबाईची गाय एकीला चाटत होती, आणि दाराच्या जागी गोणपाट लोंबत होतं. दाराचे पैसे मिठात गेले होते.

दुसऱ्या दिवशी पाच गाई आल्या. तिसऱ्या दिवशी खाज्या गुराख्याचं सगळं खिल्लार रानाकडे वळायचं सोडून ताईबाईच्या गल्लीत शिरलं. एक म्हैस तर म्हणे शेजारच्या गोठ्यातून दावं तोडून आली होती आणि पाळी लावून उभी होती.

"नाना, मन्या गायी मनं ऐकतस नहीत," खाज्या काठी काखेत मारून म्हणाला. "आठे उन्या का नवरीना मांडवमा बसेल वऱ्हाडीसारख्या बठी जातस."

"हाक मग. गुराखी तू का मी?"

"हाकस ना. पन लोके काय म्हनतस, माहीत शे का? म्हनतस, गाय म्हंजे लक्ष्मी. ताईबाईनं घर लक्ष्मी चाटी राहिनी."

आणि खरंच तसं झालं. बायका भिंतीला हळदकुंकू लावून गेल्या. तोताराम पाटलानं, ज्याला नवा गोठा बांधायचा होता, रतिलालकडे सहा गोण्या मीठ सांगून ठेवलं. "नानाचं काम नानाच जाणे," असं लोक म्हणू लागले, आणि तो गेला की मागून नव्हे, तोंडावर म्हणू लागले. आयुष्यभर नानाला वाटत आलं होतं की आपल्या शब्दाला गावात मान असावा. तो असा मिळाला.

मग तो सकाळी उठून ताईबाई जीनला गेली की तिच्या भिंतीपाशी जाऊन बसायला लागला, काठी घेऊन. गाई हाकलायचा. चाटून खळगे पडले होते तिथं शेण आणि कडुनिंबाचा पाला वाटून लिंपायचा. गाईंनी निंबाचा पाला थुंकला आणि पुढचं चाटलं. चौथ्या दिवशी भिंत कमरेपाशी वीतभर आत गेली होती. उरलेल्या भिंतीवर लोणा फुटला होता, पांढरा, मऊ, विभूतीसारखा. नानानं अंगठा दाबला तर अंगठा आत गेला.

घरी बेबाबाई भाकरी टाकत होती. ती नानाची बायको, आणि चाळीस वर्षं त्याच्या गोष्टी ऐकून तिच्यावर आता एकाही गोष्टीचा परिणाम होत नसे. "स्वतानी भिंतले भगदाड," ती तव्याकडे बघत म्हणाली, "अनी दुसरानी भिंतना राखनदार."

"तिनं घर पडी जाई, बेबा."

"मंग सांग ना तिले."

"सांगसू."

"तू सांगसू म्हनस तव्हय सांगत नहीस. सांगसू न म्हनता जे सांगस त्या बठ्ठ्या थापा."

ताईबाईनं पुढच्या बाजाराच्या दिवशी, जीन बंद असताना, धाबं टाकायचं ठरवलं होतं. शेजारणी येणार होत्या. निंबाचे सर, त्यावर पळाट्या, त्यावर पाला, त्यावर दीड हात माती. ते सगळं वजन त्या विभूतीवर बसणार होतं. नानाला डोळ्यासमोर दिसे: शेवंता आली आहे, माय-लेकी आत झोपल्या आहेत, उन्हं वर आली तरी पोर उठलेली नाही. त्यापुढचं तो बघत नसे. भाकरी खाताना दिसे, बिडी पेटवताना दिसे.

शेवटी बाजाराच्या आदल्या दिवशी तो रतिलालच्या ओट्यावर चढला. बसला नाही, उभाच राहिला. म्हणाला, "बठ्ठासनी ऐका. भिंतमा मीठ घालतस ते खोटं शे. मना आजानी कुठलंच कोठार बांधं नही. मी खोटं बोलनू."

मग कोपऱ्यातला वना खुदकन हसला आणि एकेक करत सगळा ओटा हसू लागला. असा हशा त्या ओट्यावर तापी उतरली तेव्हाही पिकला नव्हता. "नाना, आज तर कमाल केली," रतिलाल डोळे पुसत म्हणाला. "नाना म्हणतो मी खोटं बोललो. यापेक्षा मोठी थाप अजून व्हायची आहे."

"अरे, खरं सांगतो."

"तेच तर."

तोताराम पाटील मात्र हसला नाही. त्याला राग आला होता. "बठ्ठासले फुकट सांगं, नाना," तो म्हणाला, "अनी मनी पाळी उनी तं खोटं? आजानी विद्या मना गोठाले नही द्यानी, आसं सरळ म्हना ना."

नाना खाली उतरला. त्याला वाटलं होतं की बोलल्यावर छाती हलकी होईल. ती हलकी झाली नाही, उलट वेशीपर्यंत जाईतो तिच्यात एक नवीनच गोष्ट टोचायला लागली. ज्यांना सांगून काही होणार नव्हतं, त्यांना त्यानं सांगितलं होतं. हसतील हे आधी ठाऊक असल्यासारखं. जिला सांगायचं होतं ती तिथं नव्हती, आणि ती तिथं नाही हे बघूनच तो ओट्यावर चढला होता.

ताईबाई जीनवरून आली तेव्हा अजून ऊन होतं. तिच्या केसांत, भुवयांत कापूस अडकला होता. नाना तिच्या भिंतीपाशी उभा होता, हातात काठी. ती म्हणाली, "नाना, तुम्ही रोज गायी हाकलतस, माले खाज्यानी सांगं. कसाले इतला तरास करतस?"

"ताईबाई," नाना म्हणाला, आणि पुढं जे बोलला ते एका दमात, जमिनीकडे बघून बोलला. आजा, कोठार, उदई, तापी, सगळं खोटं. आणि आठाला एक, तेही खोटं. त्या वेळी तोंडाला आलं ते सांगितलं. मिठानं भिंत उभी राहत नाही, पडते. आणि हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं.

हे शेवटचं वाक्य त्याला गाळता आलं असतं. तो गाळणारही होता.

ताईबाई हसली नाही. सगळ्या गावात त्याच्यावर लगेच विश्वास ठेवणारी ती एकटीच निघाली, पहिल्या वेळीही आणि या वेळीही. ती भिंतीजवळ गेली, पांढऱ्या भुकटीवर हात फिरवला, आणि हात लुगड्याला पुसला.

"हाई पांढरं पंधरा दिवस झाले देखी राहिनी," ती म्हणाली. "माले वाटनं, मनाच पाय कमी पडनात. माती बराबर तुडवी नही मी. म्हनीसन त्या भिंती उलथून परत तुडव्या, दोन भिंती. जीनवरथून येऊन."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर नानानं त्या घेतल्या असत्या, काठी मारली असती तर पाठ दिली असती. पण ही बाई पंधरा दिवस त्याच्या थापेचा दोष आपल्या पायांना देत आली होती. दिवसभर कापूस वेचून आल्यावर, गुडघाभर चिखलात उभं राहून.

"आते काय?" तिनं विचारलं.

"पाडनी पडी. चारी."

"आखाजीले बारा दिन शेत."

"शेत."

"मी शेवंताले निरोप धाडेल शे. शिरपूरना कासार गया तेनासंगे. ती येई राहिनी." तिचा आवाज इथं पहिल्यांदा हलला. "नाना, बारा दिनमा घर व्हई का? आते खरं सांगा."

नानानं पाया बघितला. पायाचे दगड चांगले होते, निदान ते तरी मिठाचे नव्हते. त्यानं ऊन बघितलं, थर किती दिवसांत सुकेल ते मनात मांडलं, आणि त्याला कळलं की हो म्हटलं तर ती आत्ताच्या आत्ता निवांत होईल. जीभ हो म्हणायला टाळ्याला लागलीही होती. आयुष्यभराची सवय होती ती.

"तीन भिंती व्हतीन," तो म्हणाला. "चौथी नही. धाबं तं नहीच. त्याले महिना लागी."

ती आत गेली, कुदळ घेऊन आली आणि त्याच्या हातात न देता त्याच्या पायाशी ठेवली. रडली नाही, पण त्याच्याकडे बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारणी धाबं टाकायला आल्या आणि त्यांना भिंत पाडताना नाना दिसला. कुदळीचा पहिलाच घाव बसला आणि भिंतीचा हातभर तुकडा रवाळ साखरेसारखा खाली सांडला. एक शेजारीण हळदकुंकवाची कोयरी घेऊन आली होती, तिनं ती पदराआड केली. दुपारपर्यंत निम्मं गाव बघायला जमलं. तोताराम पाटीलही आला, सांडलेली माती बोटांत चोळली, आणि हात झटकून गेला. त्याचं सहा गोण्या मीठ पुढं त्याच्या बैलांनी खाल्लं. म्हणतात की त्या वर्षी त्याचे बैल इतकं पाणी प्याले की विहिरीवर मोट ओढायला गेले की आधी स्वतः पिऊन घेत आणि उरलं तर शेताला.

नानानं वराडसीमचं राहिलेलं काम सोडलं. लांबच्या बरडावरून चांगली माती आणली, बेबाबाईनं गव्हाचा भुसा दिला, आणि उकिरड्याजवळ खड्डा खणून त्यानं माती तुडवायला घेतली. रोज पहाटेपासून. ताईबाई जीनला जायच्या आधी येऊन बघायची, एक गोळा हातात घेऊन दाबायची, मग जायची. मधूनमधून ओट्यावरची मंडळी येऊन बसत. "नाना, एखादी होऊन जाऊ द्या," वना म्हणायचा. नाना तुडवत राहायचा. नाना गप्प बसला ही बातमी म्हणे धरणगावापर्यंत गेली आणि तिथं कुणी ती खरी मानली नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी शेवंता आली. स्टेशनवरून बैलगाडीनं, मांडीवर वर्षभराची पोरगी. घराला तीन भिंती होत्या. चौथी गुडघ्यापर्यंत आली होती, ओली. वर निंबाच्या फांद्यांचा मांडव घातला होता. शेवंतानं क्षणभर बघितलं. गोणपाटाच्या दारातून जायचं सोडून ती चौथ्या भिंतीवरून लुगडं सावरून पलीकडं गेली, पोरीला सारवलेल्या जमिनीवर ठेवलं आणि आईच्या मांडीशी डोकं टेकून आडवी झाली. विचारलं काही नाही. थोड्या वेळानं तिला झोप लागली.

नाना खड्ड्याशी उभा होता. जावं की थांबावं ते त्याला कळेना. लेकीला सांगायला हवं होतं की तुझ्या आईचं घर उघडं का आहे. ती झोपली म्हणून त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून परत टोचलं.

ताईबाई बाहेर आली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच तिनं त्याच्याकडे सरळ बघितलं. त्या बघण्यात माफी होती असं म्हणता येत नाही, राग होता असंही नाही.

"ती उठनी का मी तिले सांगसू," ती हळू आवाजात म्हणाली. "बठ्ठं. तुम्ही नका सांगू, तुम्ही सांगं का ती हासी." आणि थोडं थांबून, "सण शे तरी सकाय लवकर या, नाना. चौथी बाकी शे."

"येसू," नाना म्हणाला.

मग त्यानं घागर उचलली, विहिरीवर गेला, आणि उद्याच्या मातीवर पाणी ओतून ती मुरायला ठेवली. शेवंता झोपली होती, म्हणून घागर खाली ठेवताना त्यानं आवाज होऊ दिला नाही.